एकाएकी हिरवी झालेली शाळा

त्या शाळेचं प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही. उभी हयात पोलीस खात्यात गेली. खून पाहिले, दरोडे पाहिले, बांधावरून फुटलेली डोकी तर रोजचीच. पण कुणी विचारलं, की साहेब, समाधान कशात मिळालं, तर मी या प्रकरणाचं नाव घेतो. त्यात कुणाला बेड्या पडल्या नाहीत, पेपरात फोटो आला नाही, शेवटी गुन्हाही दाखल झाला नाही. आमचे मित्र म्हणतात, मग ही कसली केस? म्हणू देत बापडे.

मी तेव्हा नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, माणसांचीही सांगणार नाही. पेठकडं तोंड करून निघालं की जी डोंगरांची रांग लागते, त्यातलंच एक समजा. सकाळी हजेरी घ्यायची, आदल्या दिवसाच्या नोंदी बघायच्या, स्टेशन डायरीवर सही करायची आणि मग चहा. तिकडची माणसं भांडण झालं तरी पाड्यावरच मिटवतात, त्यामुळे सकाळच्या वेळी ठाण्यात तक्रारदार फारसे नसत. म्हणूनच त्या दिवशी इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण अधिकारी लॅपटॉप छातीशी धरून आत आला, तेव्हा सगळं ठाणं त्याच्याकडं बघायला लागलं.

हे तालुक्याचे नवे गटशिक्षणाधिकारी. स्पर्धा परीक्षा देऊन आलेले, हुशार, आणि कामाला वाघ. त्यांनी माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि तालुक्याचा नकाशा दाखवला. प्रत्येक शाळेच्या जागी एक ठिपका. कुठं हिरवा, कुठं पिवळा, कुठं लाल.

ते ठिपके कशाचे, ते त्यांनीच समजावून सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत दिवाळीनंतर मुलांची एक चाचणी होत असे. वाचता येतं का, हिशेब येतो का, आणि सोबत घरच्या परिस्थितीचं सर्वेक्षण. ठरलेल्या आठवड्यात शाळेनं सोयीच्या दिवशी चाचणी घ्यायची, पेपर तालुक्याला पाठवायचे, तिथं ते संगणकात भरले जायचे. शाळा चांगली असली की हिरवी, बेताची असली की पिवळी, कच्ची असली की लाल.

"ही शाळा बघा," एका पाड्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "दरवर्षी लाल. मागच्या वर्षीसुद्धा लाल. आणि यंदा एकदम हिरवी! असं कुठं असतं का?"

"चांगलं आहे की मग," मी म्हणालो. "पेढे वाटा."

"अहो साहेब, चेष्टा नको. चाचणीच्या आठवड्यात मी स्वतः त्या पाड्यावरून गेलोय. घरोघर कुलपं. लोक कामाला बाहेर गेलेले, शाळेत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पोरं. आणि पेपर मात्र सगळ्यांचे आलेत. हे पेपर लिहिले कुणी?"

आता माझाही चहा थांबला. शाळेत दोन शिक्षकांच्या जागा, त्यातली एक रिकामी. म्हणजे शाळा एकट्या बाईंच्या हातात. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं होतं. बाईंनी एवढंच सांगितलं, की पेपर पोरांनीच लिहिलेत. कुठं, कसे, यावर तोंड बंद. म्हणून ते लेखी तक्रार घेऊन माझ्याकडं आले होते. बाईंनी स्वतः बसून पेपर लिहिले, सरकारची फसवणूक केली, बनावट कागद तयार केले, सबब गुन्हा दाखल व्हावा.

गुन्हा दाखल करायला वेळ लागत नाही. पण बाईंचं निलंबन त्याच संध्याकाळी निघालं असतं. पुढं कोर्टात निर्दोष सुटल्या तरी ज्या बाईवर पोलीस केस झाली, तिच्या शाळेत कोण आपलं पोर घालणार? मी त्यांना म्हणालो, "तक्रार घेतो. आधी प्राथमिक चौकशी करतो. तथ्य निघालं तर गुन्हा दाखल करीन, तुम्हाला पुन्हा सांगायला यावं लागणार नाही." ते थोडे नाराज झाले, पण बरं म्हणाले.

बाईमाणसाचा जबाब घ्यायचा तर तिला ठाण्यात बोलवायचं नसतं, आपण जायचं असतं. मी महिला शिपाई आणि आमचे हवालदार यांना घेऊन शाळेवर गेलो. हवालदार त्याच भागातले, कोकणी ह्या आदिवासी समाजाचे, माणूस मितभाषी. बाई वर्गावर होत्या. चाळिशीच्या, नाशिकच्या एका वसाहतीतल्या बौद्ध कुटुंबातल्या. वडील कारखान्यात कामगार, आणि घरातल्या पहिल्या शिक्षिका ह्याच. मला बघून त्या घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "पाढे चाललेत. वर्ग होईपर्यंत बसा."

बसलो. सतरंजीवर, पोरांच्या मागं, मांडी घालून. काय करता! हवालदार तर पोरांबरोबर पाढे म्हणायला लागले.

वर्ग सुटल्यावर मी सुरुवात केली. "बाई, पेपर कुणी लिहिले?"

"पोरांनी."

"कुठं बसून?"

"ते सांगणार नाही."

"तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो, कळतंय ना?"

"कळतंय, साहेब. नोकरी जाईल हेही कळतंय. पण सांगणार नाही. अजून बराच वेळ लागणार असेल तर मी वह्या तपासत बसू का?"

मी बरीच वर्षं माणसं तपासली आहेत. खोटं बोलणारा भरमसाट बोलतो. न विचारलेलंही सांगतो, देवाच्या शपथा घेतो, पाणी मागतो. जो एकाच प्रश्नाला अडतो आणि बाकी सगळं सरळ सांगतो, तो बहुतेक वेळा स्वतःला वाचवत नसतो. दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालत असतो. ह्या बाईंनी शाळेतली उपस्थिती, रजा, पोषण आहार, सगळं न अडखळता सांगितलं. अडल्या फक्त 'कुठं' या एका शब्दावर. मला त्यांचा राग आला आणि खरं सांगतो, त्या आवडल्याही.

उठता उठता माझी नजर त्यांच्या पिशवीवर गेली. खिडकीला अडकवलेली साधी कापडी पिशवी, आणि तिच्या एका बाजूला निळसर डाग. शाईचा नव्हे. हा डाग मी लहानपणापासून पाहत आलोय. आमचं घर निफाडकडचं, द्राक्षबागेतलं. छाटणी झाली की वेलीच्या खोडाला आणि ओलांड्यांना, म्हणजे आडव्या फांद्यांना, मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात, आणि ती कपड्याला लागली की आई डोक्याला हात लावायची, कारण साबणाच्या बापालाही तो डाग जात नाही. आता ह्या डोंगरात नागली, वरई, भात. द्राक्षाचा वेल औषधालाही नाही. मग बाईंच्या पिशवीला बोर्डो लागला कुठं?

परत येताना मी हवालदारांना विचारलं, "ह्या पाड्यावरची माणसं कामाला कुठं जातात?"

"द्राक्षाला, साहेब. दिवाळी झाली का सगळी टोळीच खाली उतरते. पोरंबाळं, कोंबड्या, सगळं घिऊन."

"कोणाच्या बागेत?"

हवालदार गप्प झाले. हेही गप्प! मग म्हणाले, "त्ये नका इचारू साहेब, मला ठाव नाय." ठाव होतं, चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण मी त्यांना जास्त छेडलं नाही.

एक गोष्ट मला घरच्या अनुभवानं ठाऊक होती. डोंगरातल्या टोळ्या वर्षानुवर्षं ठरलेल्या वस्तीवरच उतरतात. बाप ज्या बागेत यायचा, तिथंच मुलगा येतो. मी माझ्या चुलतभावाला फोन लावला. त्याच्याकडं टोळी दुसऱ्या भागातली असते, पण त्यानं चार ठिकाणी विचारलं आणि संध्याकाळी उलटा फोन आला. "दादा, आपल्या गावाच्या पलीकडं एका बागेवर डोंगरातली टोळी हाय. तिथं एक बाई दर रविवारी येती म्हणं. पोरं गोळा करती आन् शिकवती. लोकांना वाटलं, कुठल्या संस्थेची असंल."

रविवारी साध्या कपड्यात गेलो. बागेच्या कडेला माल भरायची शेड, शेजारी टोळीची प्लॅस्टिकची पालं. शेडमध्ये पोरं ओळीनं बसलेली, आणि पिशवी वेलीच्या खांबाला अडकवून आमच्या बाई वाचन घेत होत्या. सुट्टीचा दिवस. डोंगरातून खाली यायचं म्हणजे दोन गाड्या बदलायच्या. मी शेडच्या बाहेर उभा राहून ऐकत राहिलो. पोरं वाचत होती हो! घडाघडा, एकमेकांच्या पुढं पळत.

बाईंनी मला पाहिलं आणि खडू खाली ठेवला. तेवढ्यात टोळीचा मुकादम पळत आला. मुकादम म्हणजे टोळी आणणारा म्होरक्या, त्याच पाड्यावरचा. हात जोडून म्हणाला, "साहेब, बाईला नका नेऊ. तिची काय चूक नाय. आमीच तिला बांधून घेतलीया."

मग सगळं उलगडलं. दोन-तीन हंगामांपूर्वी शेजारच्या एका बागेत कुणीतरी पोरांचे फोटो काढले आणि बालमजुरीचा बोभाटा केला. पोरं कामाला होती की नुसती आईबापाजवळ खेळत होती, कुणी बघितलंच नाही. बागायतदार घाबरला आणि ऐन हंगामात त्यानं टोळी घालवून दिली. ती माणसं हात हलवत डोंगरात परत गेली. तेव्हापासून सगळे बागवाले म्हणायचे, पोरं आणायची तर आणा, पण बाहेर कुणाला कळता कामा नये. बाईंना पोरांची चाचणी घ्यायची होती. शाळेत पोरं नाहीत, म्हणून त्या पेपर घेऊन इथं आल्या. टोळीनं होकार दिला, पण आधी ही जागा कुणालाही न सांगण्याचा शब्द मागितला. तिकडच्या रीतीप्रमाणे टोळीतल्या एका म्हातारीनं मूठभर नागली त्यांच्या ओंजळीत घातली आणि कणसरीची आन घातली. कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. तिची आन मोडली की घरात दाणा टिकत नाही, अशी त्यांची श्रद्धा. आमचे हवालदार का गप्प होते, तेही मला आता कळलं. ही आन त्यांच्याही कानावर गेलेली असणार, आणि दुसऱ्याची आनसुद्धा ते मोडत नाहीत.

मी बाईंकडं वळलो. "बाई, तुम्ही तर देव मानत नाही."

"नाही मानत," त्या म्हणाल्या. "पण शब्द मानते ना, साहेब. त्यांनी स्वतःच्या खायच्या दाण्यावर माझा शब्द घेतला. मी तो मोडला असता तर उद्या ह्या पोरांना मी शिकवणार तरी काय?"

मी मुकादमाला विचारलं, "ही आन सुटते कशी?"

"ज्यानं घातली त्यानंच दाणं मागारी घ्यायचं."

मी बागायतदाराला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं. पोरं आईबापाजवळ राहतात, हा गुन्हा नाही. पण एक जरी पोर कामावर दिसलं, तर इथल्या ठाण्यात मी स्वतः गुन्हा नोंदवायला लावीन, आणि तेव्हा ओळखपाळख चालणार नाही. आणि इथं पोरं आहेत म्हणून टोळी घालवलीत, तर मला कळवायला ह्या लोकांकडं माझा नंबर असेल. बागायतदार म्हणाला, "साहेब, मला काय हौस हाय का? भीती वाटती म्हणून लपवतो. तुम्ही म्हणता तर राहू द्या ना शाळा." टोळीतली माणसं आपसात थोडा वेळ बोलली. मग ती म्हातारी पुढं आली. पालातल्या पोत्यातले दाणे तिनं बाईंच्या ओंजळीत ठेवले, आणि पुन्हा स्वतःच्या पदरात ओतून घेतले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वेळ नोकरी जाईल म्हणून ही बाई डगमगली नव्हती.

पण माझं काम निम्मंच झालं होतं. पोरांनी पेपर इथं लिहिले हे कळलं. स्वतः लिहिले हे सिद्ध व्हायचं होतं. मी तिथूनच गटशिक्षणाधिकाऱ्यांना फोन केला. म्हणालो, "नवा पेपर घेऊन या. बाईंनी न पाहिलेला." सुट्टीच्या दिवशी माणूस आला, हे मी त्यांच्या बाजूनं आवर्जून सांगतो.

पोरं दूर दूर बसवली. बाईंना मी बागेच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची दिली. एक पोरगी, चौथीतली असावी, धाकट्या भावाला मांडीवर घेऊन पेपर लिहीत होती. तो पेन्सिल ओढायचा, ती त्याच्या हाताला चापट मारून पुढचं गणित करायची. पेपर संपला तशी ती गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं न जाता माझ्याकडं आली.

"बाई सुटल्या का?"

"अगं, पेपर तपासायचे आहेत अजून."

"मग बसते," ती म्हणाली आणि बसली. तिच्या मागं सगळी पोरं बसली. आया खेळायला जा म्हणत होत्या, एकही हललं नाही. हा पेपर कशासाठी चाललाय हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण पोरांना कळत नाही असं समजणारा मूर्खच.

गटशिक्षणाधिकारी एकेक पेपर तपासून पहिल्या चाचणीशी ताडून बघत गेले. गुण जवळपास तेवढेच होते. मग त्यांनी लॅपटॉप उघडून मागच्या वर्षाचे गुण काढले आणि त्या पोरीला जवळ बोलावलं.

"मागच्या वर्षी तुला शून्य आहे. एका वर्षात एवढं कसं काय यायला लागलं तुला?"

"मागल्या वर्साला मी पेपर दिलाच नाय," पोरगी म्हणाली. "हितं होते, बागंत. पेपर दिलाच नाय तर शून्य कसं मिळंल?"

गटशिक्षणाधिकाऱ्यांनी लॅपटॉपवरचं ते शून्य पुन्हा एकदा पाहिलं. मग त्यांनी कार्यालयात माहिती भरणाऱ्या ऑपरेटरला फोन लावला. तो बिचारा सरळ बोलला. "साहेब, रकाना मोकळा ठेवला तर संगणक पुढं जातच नाही. मग आम्ही गैरहजर पोराला शून्य टाकतो. पहिल्यापासून तसंच चालू आहे." बाई दरवर्षी पेपरासोबत 'गैरहजर, पालकांसोबत स्थलांतर' असं लिहून पाठवत होत्या. ते पहिल्या टेबलापर्यंत जायचं आणि तिथंच शून्य व्हायचं. नुसती ही एक शाळा नव्हे, डोंगरातल्या कितीतरी शाळा अशाच लाल झाल्या होत्या. पोरं कच्ची नव्हती. पोरं घरी नव्हती.

"शाळा लाल म्हणून ह्या बाईंना मी तालुक्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभं करून बोललो होतो," गटशिक्षणाधिकारी मला हळूच म्हणाले. मग उठले, बागेच्या त्या टोकाला गेले आणि बाईंसमोर हात जोडले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायची गरजही नव्हती. मी पोरांना सांगितलं, "सुटल्या तुमच्या बाई!" अरे देवा, काय तो गोंगाट! बागेतले पक्षी उडाले.

चौकशी अहवालात मी 'तक्रारीत तथ्य नाही' असं लिहिलं आणि प्रकरण निकाली काढलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी त्यानंतर जे केलं, त्याबद्दल मला त्यांचा अभिमान वाटतो. गैरहजर आणि शून्य हे वेगळे रकाने झाले. सर्वेक्षणात एक प्रश्न वाढला, की चाचणीच्या दिवशी मूल कुठं होतं. त्या उत्तरांवरून कुठल्या पाड्याची पोरं कुठल्या बागेत असतात, ते कळायला लागलं. पुढच्या हंगामात त्या भागातल्या शिक्षकांनी आळीपाळीनं शेडमध्ये वर्ग घेतले, चोरून नव्हे, कार्यालयाच्या हुकमानं. ज्या पोरांचे आजी-आजोबा पाड्यावर थांबायला तयार होते, त्यांच्यासाठी शाळेतच राहायची सोय झाली. मी बदली होऊन गेलो तरी हवालदार फोन करून सांगायचे. "साहेब, यंदा पेपर अवघड व्हता. आपली शाळा पिवळी हाय, पण खरी पिवळी हाय."

या प्रकरणानं मला एक सवय लावली. पोलीस ठाण्यात कुणी माणूस घरी सापडला नाही की आम्ही झटकन 'फरार' लिहून मोकळे होतो. त्यानंतर मी माझ्या माणसांना सांगायला लागलो, की आधी तो कामाला कुठं जातो ते विचारा. निम्मे 'फरार' छाटणीला, तोडीला, नाहीतर बहिणीच्या बाळंतपणाला गेलेले निघायचे. आकडा खोटं बोलत नाही म्हणतात. असेल. पण तो कुणी भरला आणि कुणाला न भेटता भरला, एवढं विचारल्याशिवाय मी त्याच्या भरवशावर कुणाची नोकरी घालवणार नाही.

बाईंचा जबाब मी त्या रविवारी दुपारीच, पेपर तपासून झाल्यावर, शेडमध्ये नोंदवला होता. सगळं लिहून झालं, वाचून दाखवलं, बरोबर आहे म्हणाल्या. सही घेण्याआधी रीतीप्रमाणे शेवटचा प्रश्न विचारला, "आणखी काही सांगायचं आहे?"

बाईंनी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं एकदा बघितलं.

"हो. लिहा, साहेब. पेपर फार सोपा होता. पुढच्या वर्षी माझ्या पोरांना जरा अवघड काढा."

मी ते शब्दशः लिहून घेतलं.